एका तापाची दोन कारणं

कोणताही रिपोर्ट त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल तो गप्प असतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ आपण ‘नाही’ असा घेतो. एवढी एकच गोष्ट इथे सावकाश उलगडून पाहायची आहे. कोरोनाच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत तिच्यावर माणसांचं जगणं-मरणं अवलंबून होतं, आणि पुढची कुठलीही साथ पावसाळ्यात आली तरी ते अवलंबून राहणार आहे.

मीरा रोड पूर्वेला, कनकियाच्या बाजूला बेव्हर्ली पार्क आहे. तिथल्या एखाद्या सोसायटीत २०२० च्या जुलैमध्ये कुणाला ताप आला आहे असं समजू. अंग मोडून आलंय, डोकं ठणकतंय, थोडा कोरडा खोकलाही आहे. जूनमध्ये आयसीएमआरने रॅपिड अँटिजेन तपासणीला परवानगी दिली होती, त्यामुळे नाकातला स्वॅब घेतला की अर्ध्या तासात उत्तर मिळू लागलं होतं. उत्तर आलं, पॉझिटिव्ह. त्या क्षणापासून घरातली सगळी धावपळ एकाच दिशेला लागते. वेगळी खोली, वेगळं ताट, ऑक्सिमीटर, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप, महापालिकेचा फोन, वेळ आलीच तर भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात बेड मिळेल का याची चौकशी. तापाला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की भीतीसुद्धा जरा आवरल्यासारखी होते. यानंतर जो जो त्रास होईल तो त्या एका नावाच्या खात्यावर जमा होतो. चौथ्या दिवशी हुडहुडी भरते, दोन पांघरुणं घेऊनही दात वाजायचे थांबत नाहीत, मग घाम फुटून ताप उतरतो आणि एक दिवस सोडून पुन्हा चढतो. घरातले म्हणतात, कोरोनात असं होतं म्हणे. डॉक्टर फोनवर असतात. त्यांच्यापर्यंत एवढंच पोचतं की ताप अजून आहे.

मलेरियाचा प्रश्न इथे कुणी विचारलेलाच नाही.

तो विचारायला हवा होता का? मलेरिया म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोली येते, आणि ते चुकीचं नाही. महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वांत जड भार त्या जिल्ह्यावर आहे आणि तिथे मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम जातीचा परजीवी जास्त सापडतो. पण शहराचा म्हणून एक वेगळा मलेरिया असतो. तो पसरवणारा अ‍ॅनाफिलिस स्टेफेन्सी हा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ आणि स्थिर पाणी लागतं. चार्ल्स बेंटली या डॉक्टरने १९११ मध्ये मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला तेव्हा त्याने बोट ठेवलं ते घरांच्या आवारातल्या विहिरींवर. त्या झाकायच्या की बुजवायच्या यावरून तेव्हा मोठा वाद झाला, धार्मिक कारणांनी विरोधही झाला. विहिरी पुढे गेल्या, डास राहिला. आता तो टेरेसवरच्या टाकीत राहतो, जिचं झाकण मागच्या पावसात तुटलं आणि बदलायचं राहून गेलं. लिफ्टच्या खड्ड्यात, बेसमेंटमध्ये, स्लॅबला क्युरिंगसाठी अडवून ठेवलेल्या पाण्यात राहतो. मीरा-भाईंदरमध्ये पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून साठवल्याशिवाय कुणाचं चालत नाही. खाली टाकी, वर टाकी, शिवाय घरात पिंपं. ज्या शहरात बांधकाम थांबत नाही आणि पाणी चोवीस तास येत नाही, त्या शहरात स्टेफेन्सीची सोय आपोआप होते. यात गरीब-श्रीमंत असा भेद फारसा नसतो. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला डासाची टाकी एका मजल्याच्या अंतरावर असते. साइटवर पत्र्याच्या खोलीत झोपणारा मजूर मात्र सर्वांत आधी आजारी पडतो, आणि त्याचं रक्त तपासायला सर्वांत शेवटी कुणी येतं. हे मला नेहमी सलतं, कारण त्याची वेळेवर तपासणी झाली तर वरचे बारा मजलेही वाचतात.

म्हणजे जागा आहे, हंगामही आहे. मुंबई पट्ट्यात मलेरियाचे रुग्ण जुलै ते ऑक्टोबरमध्ये वाढतात. २०२० मध्ये कोरोनाची पहिली लाट याच महिन्यांतून गेली.

आता मूळ मुद्द्याकडे. एका तापाला एकच कारण शोधायचं, ही सवय आपल्याला कुठून आली? ती वाईट सवय नाही. आपल्या न्यायशास्त्रात लाघव हा गुण मानला आहे: एका कल्पनेने भागत असेल तर दोन कल्पू नयेत. डॉक्टरांनाही असंच शिकवतात. खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम या चार तक्रारींसाठी चार आजार शोधायचे नसतात, क्षय शोधायचा असतो. पण लाघव कधी लागू पडतं? दोन कारणांपैकी निदान एक दुर्मीळ असतं तेव्हा. दोन्ही कारणं त्याच गल्लीत, त्याच महिन्यात हिंडत असतील, तर एक सापडल्याने दुसरं हद्दपार होत नाही. ३०१ ची बेल वाजवली आणि आत माणूस सापडला, म्हणून ३०२ रिकामा आहे असं कुणी म्हणत नाही.

इथे एक बारीक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण उत्साहाच्या भरात उलट्या टोकालाही जाता येतं. कोरोना पॉझिटिव्ह आल्यावर मलेरियाची शंका कमी होते, हे खरंच आहे. तापाला एक पुरेसं कारण मिळालेलं असतं. प्रश्न एवढाच की ती शंका किती खाली येते. ती येते शेजारच्या धडधाकट माणसाच्या रक्तात त्या आठवड्यात मलेरियाचे परजीवी असण्याची जेवढी शक्यता, तेवढ्यापर्यंत. त्याच्या खाली नाही. कोरोना झाला म्हणून डास चावायचा थांबत नाही आणि आधीच चावलेला डास परत जात नाही. मलेरियाची लक्षणं डास चावल्यावर साधारण आठवडा ते महिनाभराने दिसतात, कोरोनाची बहुधा पाचएक दिवसांत. आज अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डास तीन आठवड्यांपूर्वी चावला असेल आणि विषाणू मागच्या शनिवारी लागला असेल. दोन दारं, दोन तारखा. शरीर मात्र एकच, म्हणून ताप एकच दिसतो.

तो खालचा आकडा जागेगणिक बदलतो. मुंबईत २०२० मध्ये वर्षभरात मलेरियाचे ५,००० च्या आसपास रुग्ण नोंदले गेले. एवढ्या मोठ्या शहराला हे थोडे आहेत, म्हणून थंडी नसलेल्या, दोन दिवसांच्या तापाच्या प्रत्येक कोरोनाबाधिताला मलेरिया असेल असं कुणी म्हणणार नाही. ज्या बिल्डिंगमध्ये मागच्याच महिन्यात वॉचमनला मलेरिया झाला होता, तिथला हिशेब वेगळा. गडचिरोलीतला आणखी वेगळा. आणि युगांडामध्ये कोरोनाच्या ५९७ रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा सुमारे १२ टक्क्यांत फाल्सिपेरम सापडला होता. तिथे तर हा प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत विचारायलाच हवा. शंका किती धरायची हे रुग्णाच्या पत्त्यावरून आणि कॅलेंडरवरून ठरतं. बेव्हर्ली पार्कचा पत्ता आणि जुलै महिना, त्यात हुडहुडी भरून चढणारा ताप, एवढं एकत्र आल्यावर शंका पुन्हा वर चढते, मग स्वॅबचा रिपोर्ट काहीही म्हणो.

शक्यतेपेक्षाही वजनदार गोष्ट दुसरी आहे. न विचारण्याची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी नाही. मलेरियाची तपासणी म्हणजे बोटाला एक टोचणी, रक्ताचा एक थेंब, आणि किट असेल तर १५-२० मिनिटं. सापडला तर हमखास बरं करणारं, स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं औषध आहे. कोरोनावर २०२० मध्ये असं औषध नव्हतं. प्राणवायू, देखरेख आणि वाट पाहणं हाच उपचाराचा मोठा भाग होता. शिवाय दोन्ही आजारांचं घड्याळ निराळं चालतं. कोरोनाच्या रुग्णाला सांगितलं जायचं, सात ते दहा दिवसांच्या दरम्यान सांभाळा, तेव्हा प्रकृती बिघडू शकते. फाल्सिपेरम एवढा वेळ देत नाही. पहिल्या लक्षणांनंतर २४ तासांत उपचार सुरू झाले नाहीत तर तो गंभीर होऊ शकतो. आठव्या दिवसाची वाट पाहत घरी थांबलेल्या माणसाचा तिसऱ्या दिवशीच घात होऊ शकतो, आणि तोही ज्या आजाराला पक्कं औषध आहे त्या आजाराने. उलट्या बाजूने चूक झाली, म्हणजे मलेरिया सापडला म्हणून कोरोना शोधलाच नाही, तर रुग्ण साध्या वॉर्डात जातो आणि शेजारच्या खाटांना, नर्सना, घरच्यांना विषाणू देतो. दोन्ही चुकांमध्ये माणसं मरतात. वाटा वेगळ्या.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०२० ला मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच विषयावर: कोरोना आणि हंगामी साथीचे आजार एकाच वेळी झाले तर काय करायचं. मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया, लेप्टो, विषमज्वर, हंगामी फ्लू सगळे त्यात आहेत. सूचनांचा गाभा हाच की मलेरिया निघाला म्हणून कोरोना नाही असं धरू नका, आणि कोरोना निघाला तरी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काळात मलेरिया-डेंग्यूची शंका जागी ठेवा. कागद अचूक होता. फक्त तो ऑक्टोबरच्या मध्यावर आला, तोवर त्या वर्षीचा पावसाळा ओसरत आला होता.

मुंबईच्या डॉक्टरांना अनुभव त्याआधीच येऊ लागले होते. कोरोनासाठी राखून ठेवलेल्या नायर रुग्णालयातल्या आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी मिळून मलेरिया आणि कोरोना एकाच वेळी झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या शरीरातून विषाणू लवकर नाहीसा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. रुग्ण मोजकेच होते, त्यावरून मलेरिया कोरोनापासून वाचवतो असं कुणी समजू नये. मला त्या नोंदीतली मोलाची गोष्ट वेगळी वाटते. पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन तापाची रांग उपसणाऱ्या माणसांनी पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावरही दुसरा प्रश्न विचारला होता.

दुसरा प्रश्न विचारायचा ठरवल्यावरही वाट सरळ नाही. लक्षणांवर विसंबता येत नाही, कारण ताप, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा, जुलाब दोन्हीकडे. रक्ताच्या ज्या तपासण्यांकडे तेव्हा सगळे डोळे लावून बसत, त्याही इथे उपयोगाच्या नाहीत. सीआरपी दोन्हींत वाढतो. फेरिटिन आणि डी-डायमर मलेरियातही चढतात. धाप लागली तर तीही कोरोनाचीच असेल असं नाही. मलेरियात फुप्फुसांत पाणी भरू शकतं, कधी कधी औषध सुरू होऊन परजीवी कमी होत असतानासुद्धा. मलेरियाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा म्हणजे एकदम खाली गेलेल्या प्लेटलेट, डोळ्यांत पिवळेपणा, वाढलेली प्लीहा, घटलेलं हिमोग्लोबिन. यातली एखादी दिसली तर थांबायचं नाही. एकही दिसली नाही म्हणून मलेरिया नाही, असंही नाही.

शेवटी काचेच्या पट्टीकडे यावं लागतं. रक्ताचा जाड थर आणि पातळ थर, त्यावर रंग, आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेला तंत्रज्ञ. जाड थरात परजीवी आहेत का ते कळतं, पातळ थरात कोणत्या जातीचे ते. जाड थराची १०० क्षेत्रं नजरेखालून घातल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नसतं, आणि शंका दाट असेल तर एका निगेटिव्हवर थांबायचं नसतं. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, दोन-तीन दिवस. कोरोनाच्या दिवसांत हेच सर्वांत अवघड झालं. तंत्रज्ञ स्वॅबच्या कामाला लागले होते, आणि पॉझिटिव्ह माणसाच्या घरी रक्त घ्यायला जायला कुणी सहज तयार होत नव्हतं. रॅपिड किट त्या मानाने सोपं, पण एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १०० ते २०० परजीवी असल्याशिवाय त्यावर रेघ उमटेलच असं नाही.

आणि किटची एक गंमतशीर वाटणारी पण गंभीर मर्यादा आहे. फाल्सिपेरमचं किट ज्या एचआरपी-२ प्रथिनाला ओळखतं, ते रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. कोरोनाच्या आरटी-पीसीआरचंही तेच. विषाणू मेला तरी त्याचे तुकडे घशात आठवडेच्या आठवडे सापडू शकतात. म्हणजे दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तरी एक रिपोर्ट आजचा आणि दुसरा गेल्या महिन्याचा असू शकतो. कोरोनाच्या काही अँटिबॉडी तपासण्यांनी तर मलेरियाग्रस्त भागातल्या रक्ताला विनाकारण पॉझिटिव्ह ठरवल्याचं बेनिनसारख्या आफ्रिकी देशांतल्या अभ्यासांत दिसलं. एका आजाराच्या खुणा दुसऱ्याच्या तपासणीत शिरल्या होत्या. म्हणून ‘दोन्ही पॉझिटिव्ह’ हे निदानाचं अर्धंच काम. दोन्ही आज जिवंत आहेत का, हे काचेवर दिसणाऱ्या परजीवींनी आणि लक्षणं कधी सुरू झाली या साध्या विचारपुशीने ठरतं. तारखा लिहून ठेवणाऱ्या घरच्या माणसाचा डॉक्टरला किती उपयोग होतो, हे सांगून खरं वाटणार नाही.

उपचारांकडे वळलं की गुंता वाढतो, कारण इथे एका आजाराचं औषध दुसऱ्याच्या वाटेत येतं. आणि योगायोग असा की दोन्ही आजारांच्या मधोमध काही काळ एकाच औषधाची गोळी होती.

मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यायला सांगितलं. हे मलेरियाच्या क्लोरोक्विनचं सख्खं भावंड. पुढे सौम्य रुग्णांच्या उपचारातही ते आलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने प्रश्न निकालात काढला. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी हे औषध दिलेल्या १,५६१ जणांत २८ दिवसांत २७ टक्के मृत्यू, न दिलेल्या ३,१५५ जणांत २५ टक्के. फायदा नाही. आपल्याकडे उपचारांच्या यादीतून ते सप्टेंबर २०२१ मध्ये गेलं. मधल्या काळात ज्यांच्या रक्तात कोरोनासोबत व्हायव्हॅक्स जातीचा मलेरियाही होता, त्यांचं काय झालं असेल? हे औषध व्हायव्हॅक्सच्या रक्तातल्या परजीवींना मारतं. ताप दोन-तीन दिवसांत उतरला असेल आणि श्रेय कोरोनाच्या उपचाराला गेलं असेल. पण व्हायव्हॅक्सची काही रूपं यकृतात झोपून राहतात, त्यांना ही गोळी शिवत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी ती उठतात. फाल्सिपेरम असेल तर दिलासाही खोटा, कारण भारतात त्याने क्लोरोक्विनला दाद न देणं १९७३ मध्येच आसाममध्ये दिसलं होतं. कोरोनासाठी अनेक घरांत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनचंही असंच. ते मलेरियाला हळूहळू दाबतं, बरं करत नाही. न ओळखलेला आजार अर्धवट औषधाने झाकला जातो, तेव्हा तो सापडणं दुप्पट कठीण होतं.

दोन्ही आजार ओळखले गेले, तर मलेरियाचे उपचार ठरलेले आहेत आणि ते कोरोनासाठी थांबवायचे नसतात. व्हायव्हॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि यकृतातल्या झोपलेल्या रूपांसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरमला महाराष्ट्रात आर्टेसुनेट तीन दिवस, पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. गंभीर असेल तर जातीची वाट न पाहता शिरेतून आर्टेसुनेट. सावधगिरी लागते ती शेजारच्या औषधांची. आधीच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर त्यावर क्लोरोक्विन म्हणजे एकाच घराण्यातली दोन औषधं. त्यात कोरोनासाठी सर्रास लिहिलं जाणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळवलं की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो, निदान एक ईसीजी तरी काढावा लागतो. रेमडेसिव्हिर चालू असेल तर प्रश्न आणखी वेगळा. अमेरिकेच्या औषध नियामकाने १५ जून २०२० ला इशारा दिला होता की क्लोरोक्विन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सोबत दिल्यास रेमडेसिव्हिरचा परिणाम कमी होऊ शकतो. मेडिकलच्या दुकानांसमोर रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक रात्रभर रांगा लावत होते ते २०२१ चे दिवस आठवले, की ही एवढी माहिती किती जणांच्या हाती होती हा विचार मनातून जात नाही.

सर्वांत अवघड प्रसंग स्टिरॉइडचा. रिकव्हरी चाचणीनेच जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनचं महत्त्व सिद्ध केलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. प्राणवायूची गरज नसलेल्यांना काही फायदा झाला नाही, कल उलटाच होता. आता चाळीस वर्षं मागे जाऊ. १९८२ मध्ये थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियाच्या १०० रुग्णांवर याच डेक्सामेथासोनची चाचणी झाली होती. मेंदूची सूज उतरेल अशी आशा होती. झालं उलटं. वाचलेल्या रुग्णांची बेशुद्धी सरासरी ४७ तासांवरून ६३ तासांवर गेली, न्यूमोनिया आणि पोटातला रक्तस्राव वाढला. तेव्हापासून मेंदूच्या मलेरियात हे औषध देत नाहीत. म्हणजे एकच इंजेक्शन, एका आजारात जीव वाचवणारं, दुसऱ्यात घातक. रुग्ण ग्लानीत आहे, धापही लागली आहे, आणि मलेरिया तपासलेलाच नाही, तर सुई कोणत्या भरवशावर द्यायची? इथे दुसरा प्रश्न विचारणं हा अभ्यासूपणाचा भाग राहत नाही, हातातलं औषध द्यायचं की नाही तेच त्यावर ठरतं. घरच्या घरी, प्राणवायूची गरज नसताना पहिल्याच आठवड्यात सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या तर आणखी एक अपाय करतात. त्या तापच दाबतात, आणि मलेरियाची शंका घ्यायला जी एक खूण शिल्लक होती तीही पुसतात. रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचंही एक वाक्य लिहून ठेवायला हवं: मलेरियाने प्लेटलेट तळाला गेलेल्या असताना ते दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो.

आणि मग ऑक्सिमीटर. प्रायमाक्विनमुळे काही जणांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मेथहिमोग्लोबिनमध्ये बदलतं. असं बरंच झालं की बोटाला लावलेलं यंत्र फसतं आणि आकडा ८५ च्या आसपास दाखवू लागतं. कोरोनाच्या घरात ८५ हा आकडा पाहिल्यावर काय हलकल्लोळ होईल ते वेगळं सांगायला नको. फुप्फुसं ठीक असतील, दोष गोळीचा असेल. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटूही शकतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत हे प्रमाण जास्त आहे. म्हणून गोळी सुरू करण्याआधी विचारायचं, शक्य तर तपासायचं, आणि लघवी गडद झाली तर लगेच कळवा म्हणून सांगायचं. गरोदर बाईला तर प्रायमाक्विन देतच नाहीत.

या सगळ्याचा पाया म्हणजे आधी रक्त तपासलं जाणं, आणि नेमकं तेच २०२० मध्ये आटलं. देशात २०१९ मध्ये मलेरियासाठी १३ कोटींहून जास्त रक्तनमुने तपासले गेले होते, २०२० मध्ये ते १० कोटींच्या खाली आले. नोंदले गेलेले रुग्ण ३ लाख ३८ हजारांवरून १ लाख ८६ हजारांवर उतरले. यातली काही घट खरी आहे, मच्छरदाण्या आणि औषधांनी ती बरीच वर्षं चालू होती. पण न तपासलेल्या रक्तातला मलेरिया कुठल्याच तक्त्यात येत नाही. मुंबईचा आकडा मात्र त्या वर्षी ४,००० च्या पुढून ५,००० च्या आसपास चढला होता. जगभरात २०२० मध्ये मलेरियाने ६ लाख २७ हजार माणसं गेली, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ६९,००० जास्त. त्यातल्या ४७,००० मृत्यूंचं कारण जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनामुळे विस्कळीत झालेली सेवा हे दिलं. ही माणसं कोरोनाच्या कुठल्याच यादीत नाहीत.

करता काय येईल, हे फार अवघड नाही. स्वॅब घ्यायला जो माणूस दारात येतो, त्याच्याच पिशवीत मलेरियाचं किट असावं आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक तापकऱ्याच्या बोटाला त्याच वेळी टोचणी व्हावी. दोन तपासण्या, एकच फेरी, एकच पीपीई. फोनवरच्या डॉक्टरने ‘ताप किती?’ याच्या जोडीला ‘थंडी वाजते का, आणि पुन्हा कधी वाजली?’ एवढं विचारावं. सोसायटीने बाधिताच्या मजल्यावर सोडियम हायपोक्लोराइट फवारताना टेरेसवर चढून टाकीचं झाकणही पाहावं, कारण तापाने पडून असलेल्या माणसाला रात्री डास चावला तर परजीवी त्याच इमारतीत पुढे जातात. विलगीकरण विषाणूपासून इतरांना वाचवतं. डासापासून वाचवायला रुग्णाच्या खाटेवर मच्छरदाणीच लागते, आणि ती अनेक घरांत माळ्यावर पडलेली असते.

एका गोष्टीकडे बरं झालेल्या माणसानेच लक्ष द्यायचं आहे. घरच्या विलगीकरणाचा नियम तेव्हा असा होता की लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की विलगीकरण संपलं, पुढे आठवडाभर प्रकृतीवर लक्ष ठेवायचं. व्हायव्हॅक्सही झालेल्या माणसाच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या त्या दिवशी बाकीच असतात, कारण त्या चौदा दिवसांच्या असतात आणि मलेरियाचं निदान बहुतेक वेळा उशिरा झालेलं असतं. अंगात बळ आलेलं असतं, दार उघडलेलं असतं, ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप आलेले असतात. उरलेली पट्टी औषधांच्या डब्यात राहून जाते आणि यकृतातली झोपलेली रूपं तशीच राहतात. मग दिवाळीच्या सुमारास पुन्हा थंडी वाजून ताप येतो, स्वॅब निगेटिव्ह येतो, आणि घरात चर्चा सुरू होते की कोरोनानंतरचा अशक्तपणा असेल, किंवा तो पुन्हा झाला असेल. डॉक्टरकडे जाताना त्या माणसाने पावसाळ्यातला मलेरियाचा रिपोर्ट सोबत न्यावा, प्रायमाक्विनच्या किती गोळ्या घेतल्या ते खरं खरं सांगावं, आणि रक्ताची पट्टी पुन्हा तपासायला सांगावं.